हणमंतच्या बाजूचं भोक

त्रेपन्न अंशांच्या उन्हात सरफराज मिस्त्रीने ट्रकच्या एसीत गॅस भरला. थंड हवेची एकच नळी होती आणि ती गाडी चालवणाऱ्या संगणकाकडे जात होती. हणमंत ड्रायव्हरच्या सीटवर बसायचा तो फक्त कायद्याला माणूस लागतो म्हणून.

"मिस्त्री, नळीला माझ्या बाजूला एक भोक पाडा. मागच्या खेपेला भोवळ येऊन पडलो होतो."

सरफराजने गुपचूप भोक पाडलं. हणमंतच्या तोंडावर गार झुळूक आली, तोच ट्रक बोलला, "हवा गळतेय. गाडी निघणार नाही."

ट्रकमध्ये मागे उष्माघाताच्या रुग्णांसाठी सलाईन भरलं होतं. चंद्रपूरच्या दवाखान्यातून तिसऱ्यांदा फोन आला.

हणमंतने डोक्याचा ओला पंचा सोडला आणि भोकावर घट्ट आवळला.

"गळती थांबली," ट्रक म्हणाला. "बाहेरच्या झळीने संगणक तापतोय. आता काचा वर करा."