तब्येतीचा फोन

अगं, आधी ऐक तर. गरिबांच्या सरकारी विम्यातून ज्यांचं ऑपरेशन फुकट होतं ना, त्यांना दर आठवड्याला फोन करून तब्येत विचारायची, हे माझं काम. पेशंट 'बरा झालो' म्हणाला की त्याचं नाव बंद, पुढे फोन नाही. एक आजोबा मात्र दर वेळी म्हणणार, "अजून दुखतंय गं पोरी." शेजारच्या टेबलावरची चिडवते, "लाव, तुझ्या लाडक्याला फोन लाव." मला आपली काळजी. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणे जखम कधीच भरली. मग आज सरळच विचारलं, "आजोबा, खरं सांगा, दुखतंय कुठे?"

तर म्हणाले, "बरा झालो म्हटलं, तर तू परत फोन करशील?"


सांग ना, त्यांच्या नावापुढे तू काय लिहिलं असतंस?