बांधावरची बाभळ

"चार दिवस तरी सोडा, साहेब. उद्या जेसीबी येतोय," शहाजी म्हणाला.

कतारमधल्या रास लफानच्या गॅस प्रकल्पात देखभालीचं शटडाऊन चालू होतं आणि क्रेन चालवणारी माणसं आधीच कमी. सुपरवायझर कौशिकने अर्जावर सही केली नाही. "आत्ता सुट्टी खलास, शहाजी."

जेसीबीची भानगड अख्ख्या साइटला ठाऊक होती. गावाकडे शहाजीचा भाऊ धनाजी बांधावरची बाभळ काढून रस्ता करणार होता. शहाजी रोज फोनवर बायकोला बजावायचा, "शालू, तिथं कुदळ लावू द्यायची न्हाय. धनाची पेटी हाय ती आपली." हे कानावर पडल्यापासून पोरं त्याला 'सावकार' म्हणू लागली. कौशिकही त्यात मागे नव्हता. भावाला वाटा द्यावा लागू नये म्हणून हा सगळा आटापिटा, असं त्याला वाटायचं.

चहाच्या वेळी सेफ्टीचा डेक्लन आला. आयर्लंडचा माणूस, गप्पांना कधीही तयार. सावकाराच्या गुप्तधनाची गंमत ऐकून तो खूश झाला. त्याच्याही गावी शेतात एकटंच काटेरी झाड होतं. खाली सोनं पुरलंय, खणेल त्याचा निर्वंश होईल, असं आजी सांगायची. नांगरसुद्धा वळसा घालून जायचा.

कौशिकने ते मराठीत सांगितलं. "घ्या सावकार, तुम्हाला जोडीदार मिळाला!"

शहाजी हसला नाही. "आजी तिथं जायची का, विचारा."

"जायची म्हणतो. दर मे महिन्यात, एकटीच. राखणदारासाठी वाटीभर दूध ओतून यायची."

शहाजीने कप खाली ठेवला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडे शालू मोठमोठ्याने रडत होती. जेसीबी आजच आला होता. शहाजीने फोन खिशात टाकला.

सही केली असती तर काय बिघडलं असतं, असं कौशिकला आता वाटलं. पण तोंडून निघायचं तेच निघालं. "धनाजीला सापडलं का सोनं?"

"सोनं कुठलं, साहेब?" शहाजी डेक्लनकडे बघत होता. "ह्यांना विचारा, आजीचं लेकरू केवढं हुतं? आमच्या पोरीची तर पाचवीबी पुजली नव्हती."