आंदण

"इवाई, मले तुमची जनावरं पाहू द्या," रूपराव म्हणाले आणि खुर्चीवरून उठले.

"जनावरं?" व्याही पुंडलिकरावांनी विचारलं. मे महिन्याची दुपार होती. विहीणबाईंनी, रुख्मिणीबाईंनी, पाहुण्याला पाणी दिलं होतं ते प्लास्टिकच्या ग्लासात, आणि तोही हातात न देता ओट्यावर ठेवला होता. रूपरावांनी ते पाहिलं होतं. पण आज त्यांना त्याचं काही वाटलं नाही. हिंगणीहून दोन एसट्या बदलून जामजवळच्या या गावात ते आले होते ते लेकीची बाजू मांडायला, आणि आज त्यांच्याकडे मांडायला काहीतरी होतं.

त्यांची लेक मोहिनी दीड महिन्यापासून माहेरी होती. लग्न डिसेंबरात झालेलं. संक्रांत झाली आणि तिच्या हातावर पहिला चट्टा उठला, गोल, कडेने लाल, खाजरा. गावातल्या मेडिकलमधून ट्यूब आणली. दोन दिवस खाज थांबली आणि मग चट्टे पोटावर गेले, मांडीवर गेले, गळ्याशी आले. सासूने आधी तिचं अंथरूण वेगळं केलं, मग ताट. एप्रिलमध्ये स्वप्निल, रूपरावांचा जावई, तिला बॅगेसकट हिंगणीला सोडून गेला. पाठोपाठ मध्यस्थाचा निरोप आला. आमच्या घरात हा रोग नव्हता, तुमच्या पोरीनं माहेरून आणला, सोडचिठ्ठी करून टाका.

गेल्या आठवड्यात रूपराव तिला सावंगीच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चट्टे पाहिले, ट्यूब पाहिली आणि ती टोपलीत टाकली. "या ट्यूबमुळेच वाढलं हे," त्या म्हणाल्या. "गजकर्ण आहे. घरी गुरं आहेत?"

सासरी गोठ्याचं काम आपल्याकडेच होतं, असं मोहिनीने सांगितलं. शेण, चारा, धारा, सगळं.

"मग तिथूनच लागलं. ही बुरशी गुरांच्या केसांत राहते. वासरांना जास्त होते, पण त्यांना त्याचा फारसा त्रास नसतो, माणसाला होतो. दाव्याला, खुंट्याला, भिंतीला महिनोन्‌महिने चिकटून राहते. कोणत्या जनावराला आहे ते शोधा आणि त्यालाही औषध द्या."

त्या दिवशी रूपराव कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

आता त्यांनी हे सगळं पुंडलिकरावांना सांगितलं, शांतपणे, एकेक शब्द जुळवत. "पोरीनं काई आणलं नाई इवाई. तुमच्या गोठ्यातून तिले लागलं. पाहून घेऊ चला."

बाजेवर बसलेल्या स्वप्निलने मान वर केली नाही. अंगाची लाही होत असताना त्याने पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. त्याने डाव्या हाताची बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.

पुंडलिकराव पुढे झाले. गोठा घरामागे होता. रूपरावांनी बैलांच्या मानेवरचे केस बोटांनी फाकवून पाहिले, कानामागे पाहिलं. स्वच्छ. गाय स्वच्छ होती. म्हैसही. पुंडलिकराव दाराशीच उभे होते.

शेवटचा खुंटा कोपऱ्यात होता. तिथे उजेड कमी, जमीन ओली. त्या खुंट्याला कालवड बांधलेली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांभोवती चुना फासल्यासारख्या पांढऱ्या खपल्या होत्या. मानेवरचे केस बांगडीएवढ्या गोलांत झडले होते.

"हे पाहा," असं म्हणायला रूपरावांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

ती लाली होती. त्यांनीच मोहिनीला आंदण दिलेली. गळ्यात झेंडूची माळ घालून, टेम्पोतून स्वतः इथवर आणून याच गोठ्यात बांधलेली. तेव्हा तिच्या कानामागे रुपयाएवढा चट्टा होता. "बरी होऊ द्या, मंग द्या," असं बायको, नलू, म्हणाली होती. "हिवाळ्यात वासरायले होतेच," असं म्हणून त्यांनी त्यावर करंजीचं तेल चोळलं होतं आणि विसरून गेले होते. त्यांच्याकडे दर हिवाळ्यात एखाद्या वासराला ते व्हायचं, नलूच्या हातालाही कधी यायचं. उन्हाळा लागला की जायचं. त्याला कोणी रोग म्हटलं नव्हतं.

त्या जुन्या चट्ट्याबद्दल त्यांना गप्प बसता आलं असतं. ते वळले.

"आमची हाये ही," ते म्हणाले. "मीच आजारी जनावर तुमच्या गोठ्यात बांधलं. चूक माही हाये, पोरीची नाई. तिनं तं तुमचंच काम केलं. गोळ्या चालू हायेत, तीन म्हैन्यात कातडी साफ होते म्हणते डॉक्टरीण. तिले घरात घ्या."

"आमी तेच म्हणत होतो, माहेरून आलं," पुंडलिकराव म्हणाले. आवाज चढला नाही. "आता गावभर झालं इवाई. तिच्या हातचं कोणी खाणार नाई. स्वप्निलसाठी दुसरीकडं बोलणं लागलं हाये."

रूपराव खुंट्याकडे वळले. मग खाली वाकून ते लालीचं दावं सोडू लागले. गाठ ओली होती, सुटेना. "हिले तरी घेऊन जातो," ते म्हणाले.

पुंडलिकराव लगबगीने पुढे आले. त्यांनी दावं त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि लालीच्या झडलेल्या मानेवरून उघड्या तळहाताने हात फिरवला.

"हिले काऊन नेता?" ते म्हणाले. "बरी होऊन राह्यली ते."