दोन कुलपांचा कापूस

“परवा, गुरुवारी, दवंडी पिटणार हायेत,” याकूब हळूच म्हणाला. “कापूस सरहद्दीपल्याड न्यायला बंदी. एक गासडीसुद्धा जाणार न्हाई. तुम्हाला म्हणून सांगितलं, भुजंगसेठ.”

भुजंगच्या हातातला चहा तसाच राहिला. याकूब करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर कारकून. हैदराबाद रियासतीबाहेर जाणारा माल त्याच्या डोळ्यांखालूनच जायचा. शिवाय तो भुजंगच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचा. त्याची खबर आजवर कधी खोटी निघाली नव्हती.

सत्तेचाळीसचा हिवाळा होता. जालन्याच्या कापसाला भाव होता तो मुंबईच्या गिरण्यांमुळं. नाकाच बंद झाला तर त्याला इथं कोण विचारणार? गाद्या तरी किती भरायच्या माणसानं! आणि स्टेशनाजवळच्या गोदामात चाळीस गासड्या पडून होत्या. भुजंगची सगळी पुंजी त्यात अडकलेली. त्यातही निम्म्या त्याच्या, निम्म्या रखमाजीच्या, हीच तर खरी पंचाईत.

भुजंग टेंभुर्णीचा, रखमाजी वाटूरचा. वीस वर्षांची भागीदारी, पण कागदावर एक ओळ नाही. गोदामाच्या दाराला दोन कुलपं. एकाची किल्ली याच्या कमरेला, दुसऱ्याची त्याच्या. दोघं आल्याशिवाय दार उघडायचं नाही. बाजारात लोक चेष्टा करायचे, की नवराबायकोसुद्धा इतकी धरून राहत नाहीत.

चाळीस गासड्या दोन दिवसांत विकायला काढल्या तर अख्ख्या बाजाराला वास लागला असता. वीस मात्र गुपचूप खपल्या असत्या. गिऱ्हाईकसुद्धा शोधायला नको होतं. रखमाजी होताच की!

झुंबरबाई चुलीपुढं बसली होती. नवऱ्याचा बेत ऐकून तिचा भाकरीवरचा हात थांबला.

“त्यान्ला सांगा ना मंग. दोघं मिळून इका.”

“दोघांचं इकायला येळ कुठंय?”

“पलेगात तुमच्या उशाशी बसून व्हता तो माणूस. तुमचा सख्खा भाऊ गाव सोडून पळाल्ता.”

“तू भाकर बघ. करपून राह्यली.”

भाकरी काही करपली नव्हती.

बुधवारी दुपारी दोघा भागीदारांनी मिळून गोदामाचं दार उघडलं. रखमाजी आदल्याच दिवशी हैदराबादेहून आला होता. त्याचा भाचा तिथं सरकारी खजिन्यात चिकटला होता, त्याला भेटायला गेलेला. झुंबरबाईसाठी त्यानं लाखेच्या बांगड्या आणल्या होत्या. त्या हातात घेताना भुजंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“रखमाजी, माझा वाटा तू घे,” तो एका दमात म्हणाला. “पोरीचं लगीन काढलंय. मला आता ही दगदग झेपत न्हाई.”

“आजच?”

“आजच.”

रखमाजीनं गासड्यांकडं पाहिलं, मग भुजंगकडं. “बरं,” म्हणाला.

कापसाचा भाव तोंडानं बोलायचा नाही, ही बाजाराची रीत. हातांवर कापड टाकायचं आणि आत बोटं दाबून ठरवायचं. गोदामात चिटपाखरू नव्हतं, तरी भुजंगनं खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं. वीस वर्षांची खोड, ती काय जाते! पुढं उतरायला जागा असावी म्हणून त्यानं बाजारापेक्षा चढाच भाव मागितला.

रखमाजीनं हात दाबला. कबूल.

अरे, दोन आण्यांसाठी गिऱ्हाइकाला दिवस दिवस बसवून ठेवणारा माणूस हा! दोस्तीखातर ऐकलं बिचाऱ्यानं, भुजंगला वाटलं.

“हाली देऊ का कलदार?” रखमाजीनं विचारलं.

हाली म्हणजे रियासतीचा रुपया, कलदार म्हणजे पल्याडचा, हिंदुस्थानचा. चालायचे दोन्ही, पण कलदार भारी. त्याला कोण नको म्हणेल?

“कलदारच दे.”

“बघ बरं.”

“त्यात काय बघायचंय?”

रखमाजीनं कोटाच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या आणि तिथल्या तिथं हातावर ठेवल्या. भुजंगनं कमरेची किल्ली सोडून दिली. ती घेताना रखमाजी नजर देईना. भागीदारी मोडली म्हणून मनाला लागलं असणार.

त्या दिवशी भुजंगला जेवण गेलं नाही. हरामखोर आहेस तू, त्यानं स्वतःलाच सांगितलं. नोटा मात्र ज्वारीच्या कणगीत नीट खोल पुरून ठेवल्या.

गुरुवारी सकाळी दवंडीवाला बाजारात आला. भुजंग गर्दीत उभा होता. रखमाजीही येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला.

“ऐका हो ऐका! आजपासून कापूस रियासतीबाहेर न्यायला मनाई हाय! नाक्यावर झडती होईल हो!”

बाजारात एकच कालवा उठला. कुणी कपाळावर हात मारला, कुणी मटकन खाली बसलं. भुजंगनं मान खाली घातली.

“आईशप्पथ,” तो म्हणाला, “मला ठावं नव्हतं रे.”

रखमाजी चिडला नाही. त्यानं फक्त भुजंगच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या हातानं भुजंग आतून पार ढासळला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! निम्मे पैसे तरी परत करायचे, त्यानं ठरवलं. आत्ताच. घरी न्यायचं, कणगी उपसायची आणि सगळं कबूल करून मोकळं व्हायचं.

“रखमाजी, चल घरी. तुझ्याशी बोलायचंय.”

रखमाजी जागचा हलला नाही. दवंडीवाल्यानं पुन्हा हलगीवर टिपरू मारलं.

“दुसरा हुकूम ऐका हो! आजपासून रियासतीत कलदार बंद! ज्याच्याजवळ सापडंल, त्याचा जप्त हो!”

भुजंगनं मान वर केली. खांद्यावरचा हात निघाला होता आणि रखमाजी खाली मातीकडं बघत होता.

“आईशप्पथ,” रखमाजी म्हणाला, “मला ठावं नव्हतं रे.”