एक वीत

सोपी वाट.
अंतर दीड किलोमीटर, चढायला अर्धा तास.
आजी-आजोबा आणि लहान मुलांनाही झेपेल.
माथ्यावरून चारही दिशांचे दृश्य दिसते: उत्तरेला धरण, पूर्वेला शहर, बाकी डोंगरच डोंगर.
पाणी सोबत ठेवा.
कचरा परत न्या.
फुले तोडू नका.
पक्ष्यांना खाऊ घालू नका.
बाकावर नावे कोरू नका.
या वाटेवरील दगडी पायऱ्या मानवनिर्मित नाहीत.
त्या निसर्गाची अनमोल देणगी आहेत.
त्यांचे जतन करा.

पाटी पाठीवर घेऊन मीच माथ्यावर चढलो. साहेब मागून मोकळ्या हातांनी आले. “निसर्गाची देणगी?” मी वाचून विचारलं. “आठ वर्षं हे दगड मी फोडलेत, साहेब. आईचे गुडघे गेलेले. तिला झेपेल अशी, एक वीत उंच, प्रत्येक पायरी बसवलीय. मोजून बघा!” साहेब हसले. “अरे मिस्त्री, लोकांना असंच वाचायला आवडतं. छापून झालंय. हातभर खड्डा घे आणि गाड.” मी पहार उचलली. साहेब फोटो काढत राहिले, धरणाचे, शहराचे, स्वतःचे. हातभर खणलं, मग आणखी एक वीत. पाटी उभी केली, भोवती दगड ठोकून बसवले. साहेब वळले. “इतकी बुटकी कशी झाली रे?” “लहान मुलांनाही वाचता यावी म्हणून.” त्यांनी हलवून पाहिली. हलेना. मातीच्या वरची शेवटची ओळ होती: ‘बाकावर नावे कोरू नका.’