सुईचा डोळा

"हर्षा, तुया मांगं काईतरी हालून राह्यलं."

हर्षानं मान वर केली नाही. धानोऱ्याच्या जंगलात नुकतं उजाडलं होतं. मोहाखाली फुलांचा सडा पडला होता आणि वेचायला ती एकटीच. सासूबाईंना डॉक्टरांनी वाकायची मनाई केली होती. पण घरी बसतील तर त्या सुगंधाबाई कसल्या! मोह पडायला लागला की त्यांना घर खायला उठायचं. म्हणून त्या बुंध्याला टेकून नुसती राखण करत होत्या.

"औषध हाय ते, आई."

चारच दिवसांपूर्वी सुगंधाबाईंच्या उजव्या डोळ्यात सुई दिली होती. आत विषाणू शिरला होता. त्याला मारणारं औषध चरबीच्या अगदी बारीक फुग्यांत भरलेलं. फुगे सावकाश विरघळतात, औषध बरेच दिवस पुरतं, सारखं टोचावं लागत नाही. तोवर डोळ्यापुढं ठिपके तरंगतील, घाबरू नका, हा डोळा तरी वाचवायचाच, असं डॉक्टर म्हणाले होते. सुगंधाबाई घाबरायच्याच. चुलीमागं कोणी बसलंय, दारात कोणी उभं आहे, दिवसभर तेच. हर्षा अगदी कावून गेली होती.

दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सिस्टरनं एक युक्ती सांगितली होती. सुई दिलेला डोळा मिटायचा. ठिपका गेला तर औषध, नाही गेला तर खरंच काहीतरी आहे. हर्षानं ती तेव्हाच ध्यानात ठेवली होती.

"रोजचे ठिपके पांढरे राह्यते वं. हे पिवरं हाय. अन् मोठं होऊन राह्यलं."

"सुईचा डोरा मिटा बरं."

सुगंधाबाईंनी मिटला.

"गेलं?"

"गेलं. सारंच गेलं."

"पाहा! म्या म्हटलं नाई?" हर्षा हसली आणि पुन्हा वाकली. चार मुठी फुलं टोपलीत पडली.

पाचवी मूठ भरताना तिचा हात थांबला. पाखरं कधी गप्प झाली, तिला कळलंच नव्हतं. मागं वाळका पाला हळूच मोडला.

शेजारच्या खाटेवरच्या माणसाला दुसरा डोळा होता. सुगंधाबाईंचा डावा डोळा दोन वर्षांपूर्वी याच रोगानं गेला होता. उजवा मिटला की त्यांना हर्षासुद्धा दिसत नव्हती.