शंखांचं टेबल

बाबांना वृद्धाश्रमात सोडताना मुलगा म्हणाला होता, "चारच दिवस, बाबा." पुढच्याच आठवड्यात त्यांच्या खाटेच्या जागी जेवणाचं नवं टेबल आलं. त्याच्या काळ्याभोर दगडात पांढरे शंख रुतलेले होते. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी त्यांचाही दगड झाला होता.

पहिलाच घास घेताना त्याला खोकला ऐकू आला. दबका. कुणाला त्रास नको म्हणून बाबा तोंडावर हात धरून खोकत, अगदी तसा.

"शेजारचे असतील," बायको म्हणाली. "तुमचं मनच तुम्हाला खातंय."

हातातला घास त्याने ताटात ठेवला. उठून त्याने आश्रमात फोन लावला.

"बाबा ठीक आहेत," तिथली परिचारिका म्हणाली. "खोकला तर इथे आल्यापासून नाहीच. आवाजच नाही हो त्यांचा."

त्याने फोन ठेवला. बायको भांडी घेऊन स्वयंपाकघरात गेली होती. त्याने वाकून सर्वांत मोठ्या शंखाला कान लावला. दगड गार होता. आत खोलवर, पाण्याखालून यावी तशी, ढास लागली होती. थांबतच नव्हती.

"अहो," स्वयंपाकघरातून बायको सवयीने ओरडली, "बाबांना पाणी द्या की!"